पडलेलं आणि शिरलेलं

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे. झाडू मारणाऱ्या बाईला म्हणतात, चहा आणून देणाऱ्या बाईला म्हणतात, तसंच. साहेब म्हणायचे, कारकून म्हणायचे, नावाडी म्हणायचा, आणि तो तर तिच्याच वयाचा. सख्खी मावशी ती एकटी माझी, माझ्या आईची धाकटी बहीण. आणि मलाच तिला तिथं मावशी म्हणायची बंदी. "इथं नातं काढायचं नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे ज्या खोलीत सगळं जग तिला मावशी म्हणायचं, तिथं मी तिला बाई म्हणायचे.

तिचं काम काय होतं ते सांगितलं की लोक नाक मुरडतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. आमच्या तलावात, शहराच्या नळांचं पाणी जिथून उचलतात त्या मोठ्या पाइपाच्या तोंडाजवळ, पाण्याखाली चार नळ्या टांगलेल्या असत. हातभर उंच, वरून उघड्या, खालून बंद, एकाच चौकटीला बांधलेल्या. पाण्यातून जे जे खाली बसत जातं, माती, शेवाळ, मेलेलं, सडलेलं, ते त्यांत पडायचं. दोन आठवड्यांनी नावाडी दोर ओढून त्या वर काढायचा. तळाचा गाळ बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणायचा, गाळायचा, भट्टीत वाळवायचा, तोलायचा आणि आकडा काढायचा, की तळाच्या एका चौरस मीटरवर रोज किती ग्रॅम घाण पडते.

पण तोलण्याआधी एक काम असायचं, आणि तेच मावशीचं काम. आतलं सडू नये म्हणून नळ्यांत मीठ आणि फॉर्मलिन घातलेलं असतं. त्यात पाण्यातल्या पिसवा, अळ्या, बारके झिंगे, एखादं बोटाच्या पेराएवढं माशाचं पिल्लू, असे जीव आपणहून पोहत शिरतात आणि तिथंच मरतात. ते वरून पडलेले नसतात. ते वजनात धरले तर आकडा खोटा होतो. म्हणून पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ पसरायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिमट्यानं एकेक जीव वेचून बाजूला काढायचा. एका नळीला दोन दिवस लागायचे. मावशीकडे त्याला दोनच शब्द होते, पडलेलं आणि शिरलेलं. पडलेलं ठेवायचं, शिरलेलं काढायचं. सव्वीस वर्षं तिनं एवढंच केलं.

माणसांनाही ती हेच शब्द लावायची. नवा कारकून कुणाच्या तरी वशिल्यानं आला, तर त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत पुटपुटायची, "शिरलेला." नावाड्याला हसू आवरायचं नाही.

मला त्या कामाची शिसारी होती. सरळ सांगते. मी तिथं लागले ती दुसरं काही मिळालं नाही म्हणून, आणि मावशीनं शब्द टाकला म्हणून, म्हणजे मीही शिरलेलीच. पहिल्या दिवशी बाटलीचं झाकण उघडलं आणि मी सिंकमध्ये ओकले. मावशीनं पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली की ओकायचं असेल तर इथं नको, सिंकमधल्या वासावरून तिला बरंच काही कळतं, ते बिघडतं. तो वास म्हणजे काय सांगू. अंडं, गंज आणि दवाखाना एकत्र. केसांत बसायचा, कपड्यांत बसायचा, घरी ताटात काहीही तपकिरी दिसलं की मी ताट सरकवायचे. पहिल्या वर्षात मी सहा किलो वाळले. आई म्हणाली, बारीक झालीस, छान दिसतेस. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मावशीच्या हातांना तर तो वास कायमचाच लागलेला. तिचा नवरा तिला सोडून गेला, त्याची आमच्या घरात दोन कारणं सांगायचे. आई म्हणायची स्वभाव, आणि मावशी स्वतः म्हणायची वास. हे ती हसत सांगायची, आणि मला ते हसणं मुळीच आवडायचं नाही. मूल नव्हतं. दोन खोल्यांचं घर, एक खिडकी, खिडकीत एक कुंडी. मिरवायची गोष्ट तिच्याजवळ एकच होती, तिचे तक्ते. प्रत्येक नळीचा एक तक्ता, त्यावर निवडणाऱ्याची सही. सव्वीस वर्षांत तिचा एकही तक्ता परत आला नव्हता, एकावरही लाल शाई पडली नव्हती. चारही नळ्या एकाच चौकटीत, एकाच पाण्यात, म्हणजे चारींचे आकडे एकमेकांच्या जवळ आलेच पाहिजेत, आणि तिचे यायचेच. जुन्या फायली काढून ती मला दाखवायची. इतर बायका लग्नाचे फोटो दाखवतात.

मग तलावात माशांचे पिंजरे आले. जाळ्यांचे मोठमोठे गोल, आत हजारोंनी मासे, दिवसातून चार वेळा वरून खाद्याच्या गोळ्या टाकायच्या. आधी आठ होते, दुसऱ्या वर्षी सोळा झाले, आणि सगळे नेमके त्या पाइपाच्या तोंडाजवळ, कारण तिथं पाणी खोल. हजारो मासे खातात म्हणजे हजारो मासे हगतातही, यात न कळण्यासारखं काय आहे? ती विष्ठा आणि न खाल्लेल्या, फुगून लिबलिबीत झालेल्या गोळ्या सरळ खाली जायच्या. पिंजरे नव्हते तेव्हा आमचा आकडा दोनच्या आत असायचा. आठ पिंजऱ्यांच्या वर्षी साडेचार झाला. मर्यादा पाचची होती. पाचाच्या वर गेला की पिंजरे पाइपापासून हलवायचे, असा परवान्यातच नियम. हंगामाच्या शेवटी समिती बसायची, शेवटच्या उचलीच्या, म्हणजे शेवटच्या वेळी वर काढलेल्या, चार नळ्यांची सरासरी बघायची आणि ठरवायची.

सोळा पिंजऱ्यांच्या त्या वर्षी नळाच्या पाण्याला वास यायला लागला होता. आई नळाला फडकं बांधायची, आणि संध्याकाळी फडक्यावर तपकिरी बुळबुळीत थर असायचा. तो थर मी ओळखायचे. शेजारपाजारची पोरं सारखी पोटं धरून बसलेली. मावशी आमच्याकडे आली की ते फडकं उलगडून बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, यंदा आकडा बोलेल. तिला निवृत्त व्हायला चाळीस दिवस राहिले होते. हा तिचा शेवटचा आकडा होता, आणि पिंजरे हलवायचे असतील तर ते याच आकड्यानं हलणार होते.

आणि तिला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे फक्त मला ठाऊक होतं. ऑपरेशन तिनं निवृत्तीनंतरवर ढकललं होतं, कारण हंगाम सोडून पंधरा दिवस घरी बसणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. वेचायचं काम ते वर्षभर मीच करत होते. ती शेजारी बसायची, मी बघून सांगायचे, ती विचारायची पाय आहेत का, कडा कशी आहे, आणि मग निकाल द्यायची. सही तिची, डोळे माझे. माझं प्रोबेशनचं वर्ष होतं, माझ्या सहीला तेव्हा किंमत नव्हती.

आमच्या साहेबांचं आडनाव दुसरंच होतं, पण आवाज चढवणं त्यांच्या गावीच नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना हळूबोले म्हणायचो. शेवटच्या उचलीच्या बाटल्या आल्या त्या सोमवारी हळूबोल्यांनी मावशीला बोलावलं आणि अगदी मायेनं सांगितलं की निवृत्तीआधी भांडारातल्या सामानाची यादी तुमच्याशिवाय कोण करणार. आठवडाभर तिला तळघरात बसवलं. मग माझ्याकडे आले. त्यांच्या हातात एक नवी कोरी चाळणी होती, चकचकीत कडेची, एक मिलिमीटरच्या भोकांची.

ते म्हणाले की आता सगळीकडे हीच पद्धत आहे. चाळणीवर राहील ते शिरलेलं, खाली जाईल ते पडलेलं. कशाला त्या घाणीत डोळे फोडून घ्यायचे, तरुण मुलगी तू. हे खोटंही नव्हतं, आणि त्यातच तर त्यांची हुशारी. चाळणी वापरतात खरी. पण जिथं वर माशांचे पिंजरे नसतात तिथं. किडे चाळणीवर राहतात, तशी माशांची विष्ठाही राहते, फुगलेल्या गोळ्याही राहतात.

मला ते कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. ते खोटं आहे. पहिली नळी चाळणीवर ओतली आणि वर जे राहिलं, त्यात तपकिरी दोऱ्यांचा केवढा तरी गुंता होता. कुठल्याही किड्याला तो रंग नसतो, हे वर्षभर वेचून मला चांगलं ठाऊक होतं. मी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. चिमट्यानं एकेक दोरा सोडवायचा म्हणजे दोन दिवस नाक त्या ट्रेवर. मी चाळणी सिंकमध्ये उलटी केली आणि नळ सोडला. सुटले, एवढंच मनात आलं. तासाभरात नळी संपली. मंगळवारी दुसरी, बुधवारी तिसरी. आकडे आले तीन पूर्णांक दोन, तीन, आणि तीन पूर्णांक चार. एकमेकांच्या अगदी जवळ.

तक्ते घेऊन मी तळघरात गेले. मावशी कपाटापाशी उभी राहून बाटल्या हातानं चाचपून मोजत होती. तिनं आकडे विचारले नाहीत, तीन नळ्या इतक्या लवकर कशा झाल्या हेही नाही, घाईत होती. सही कुठं करायची तेवढी जागा मी तिच्या बोटाला दाखवली. तिनं तीन सह्या केल्या. तिनं काही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि उत्तर मला आवडत नाही.

गुरुवारी गाळायचा पंप बिघडला म्हणून चौथी नळी फ्रिजमध्ये राहिली. शुक्रवारी मावशी तिचा चष्मा विसरला म्हणून वर आली. तसा चष्म्याचा तिला काही उपयोग नव्हताच. दारातच थांबली. मग सरळ सिंकपाशी गेली आणि वाकून वास घेतला. मला विचारलं, इथं काय ओतलंस. मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. तिनं सिंकच्या भोकावरची जाळी उचलली, खाली बोट घातलं आणि अडकलेलं थोडं बाहेर काढलं. उघड्या बोटानं. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून बघितलं, मग नाकाशी नेलं. मी तोंड फिरवलं.

"हे शिरलेलं नव्हतं," ती म्हणाली. "हे पडलेलं होतं. पडलेलं टाकायचं नसतं गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, चाळणी, हळूबोले, तिन्ही नळ्या. ती स्टुलावर बसली. बराच वेळ हात धुतले नाहीत, तसेच मांडीवर. मग तिनं विचारलं की चौथीला हात लावलास का. मी नाही म्हटलं. ती उठली आणि ट्रे मांडायला लागली.

ते दोन दिवस मी विसरणार नाही, कितीही विसरायचं ठरवलं तरी. शनिवारी आणि रविवारी ऑफिस रिकामं, खिडकीतून लख्ख ऊन, आणि आम्ही दोघी त्या ट्रेवर. विष्ठेच्या दोऱ्यांत अळ्या गुंतलेल्या, गोळ्यांच्या चिखलात पिसवा रुतलेल्या. मी वेचायचे, आणि जिथं अडायचं तिथं मावशी हातमोजा काढून चिमटीत धरून बघायची. कुस्करलं की पडलेलं, निसटलं की शिरलेलं. एकदाही चुकली नाही, मी भिंगाखाली तपासून बघितलं. तीनदा मी बाहेर जाऊन ओकले. तिसऱ्यांदा परत आले तर ती तो चिखल बोटावर घेऊन तशीच शांत बसलेली, एखादी बाई पिठाचा पोत बघते तशी. मला तिचा राग आला, इतका की ट्रे भिंतीवर फेकावासा वाटला. एवढ्या घाणीत एवढं सभ्य राहायला हिला कुणी सांगितलं होतं?

सोमवारी पंप दुरुस्त झाला. गाळलं, वाळवलं, तोललं. आकडा नऊ पूर्णांक सहा. मावशीनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

तक्ता बघून हळूबोले चिडतील असं मला वाटलं होतं. कसले चिडतात. त्यांनी चष्मा वर केला, मावशीच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि कागदावर चार आकडे एकाखाली एक लिहिले. तीन पूर्णांक दोन, तीन, तीन पूर्णांक चार, नऊ पूर्णांक सहा. बेरीज एकोणीस पूर्णांक दोन. भागिले चार. चार पूर्णांक आठ. पाचाच्या आत. कागद आमच्याकडे फिरवला आणि म्हणाले, नियमात सरासरीच आहे, माझ्या हातात काय आहे.

मावशीनं सांगितलं की पहिल्या तीन रद्द करा, त्या चाळणीनं केल्यात. त्यावर ते आणखी हळू बोलले. चाळणी? चाळणीचं मी कुठं लिहून दिलंय? तक्त्यांवर तर तुमचीच सही आहे, मावशी. आणि मग माझ्याकडे बघून गोड हसले. माझं वर्ष भरायला अठरा दिवस होते आणि कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. तोंडातून शब्द न काढता माणूस किती बोलू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं. ट्रेमधल्या घाणीची किळस धुतली की जाते. ही गेली नाही.

संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. आई दुसऱ्या खोलीत होती. मी म्हटलं की मी समितीपुढं खरं सांगते, चाळणी मी वापरली, टाकून मी दिलं. म्हटलं खरं, पण म्हणतानाच माझा आवाज लटपटत होता, आणि तिच्या कानांना ते कळलं नसेल असं नाही. ती म्हणाली की साहेब नाकबूल करतील, तुला घरी बसवतील आणि वर तिन्ही आकडे तसेच ठेवतील, कारण प्रोबेशनवरच्या मुलीच्या शब्दाला कोण विचारतं. रद्द करायचं असेल तर ज्याची सही आहे त्यानंच चूक कबूल करायला हवी.

"मी सांगीन माझ्याकडून बिघडल्या म्हणून," ती म्हणाली. "डोळे तर खरंच गेलेत. तू गप्प बसायचंस."

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला पाहिजे होतं, पण तोवर माझ्या आत काहीतरी सैल झालं होतं, मोकळं झालं होतं, आणि त्या मोकळेपणाची मला आजही किळस येते.

समितीची खोली लांबट, मधे टेबल, भिंतीला तलावाचा नकाशा. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर मॅडम अध्यक्ष होत्या. पिंजरेवाल्यांचा माणूस इस्त्रीच्या शर्टात, समोर बंद बाटलीतलं विकतचं पाणी. मी दाराजवळ फायली धरून उभी. मॅडमनी तक्ते बघितले आणि लगेच विचारलं की एकाच चौकटीतल्या नळ्यांत एवढा फरक कसा. बाईला काम कळत होतं. हळूबोले पद्धतींच्या मर्यादेबद्दल काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात मावशी उठून उभी राहिली. तिनं इस्त्री केलेला कोट घातला होता. ती म्हणाली की पहिल्या तीन नळ्या तिच्या हातून बिघडल्या. तिला वर्षभर नीट दिसत नाही, तिनं ते कुणाला सांगितलं नाही. वेचणं जमेना म्हणून तिनं आपल्या मनानं चाळणी लावली आणि वरचं टाकून दिलं. चौथी मात्र साहाय्यकानं हातानं वेचली आहे, तीच खरी. असं लिहून तिनं कागदही आणला होता.

हळूबोले टेबलाकडे बघत राहिले. त्यांना या डावाचा अंदाजच नव्हता, आणि तोडायचा तर चाळणी कुणाची हे सांगावं लागलं असतं. मॅडम मावशीला म्हणाल्या की सव्वीस वर्षं काम केल्यावर असा हलगर्जीपणा शोभत नाही, लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. मावशी म्हणाली, खरं आहे. मग मॅडमनी मान वळवून मला विचारलं, "तुम्ही तिथं होतात ना? या म्हणतात तसंच झालं?"

मावशीचा चेहरा माझ्याकडे होता. तिला मी दिसत नव्हते, नुसतं कुणीतरी दारात आहे एवढं दिसत असणार.

"हो," मी म्हटलं.

पहिले तीन तक्ते रद्द झाले. चौथा धरला. नऊ पूर्णांक सहा. महिनाभरात पिंजरे ओढून तलावाच्या पलीकडच्या टोकाला नेले, आईनं नळाचं फडकं सोडलं, पोरांची पोटं बरी झाली. मी अठरा दिवसांनी कायम झाले. हळूबोल्यांनी स्वतः पेढे... नाही, पेढे नव्हेत, त्यांनी स्वतः हात मिळवला. मी तो हात घेतला.

मावशीच्या तिन्ही तक्त्यांवर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, निवडणाऱ्याची चूक. तेवढ्यावर भागलं नाही. वर्षभर दिसत नव्हतं असं तिनंच सांगितलं होतं, म्हणून वर्षभराचे सगळे तक्ते काढले आणि एकेकावर शंकास्पद असा शिक्का मारला. ते शिक्के मारायचं काम माझ्याकडे आलं. छप्पन्न तक्ते होते, आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता, कारण त्या नळ्या मीच वेचल्या होत्या. मावशी शेवटच्या दिवशी कपाटातून आपला चिमटा आणि कप घेऊन गेली. निरोपाचा कार्यक्रम ठेवावा का यावर कारकुनांत चर्चा झाली आणि ठेवू नये असं ठरलं.

नंतर तिचे डोळे झाले, दोन्ही. छान झाले. आमच्याकडे येते, आईशी भांडते, दूरचे फलक वाचून दाखवते. मला एका शब्दानं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले तरी असते.

गेल्या आठवड्यात मी घरी डबा विसरले, तो द्यायला ती ऑफिसात आली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. माझ्याकडे आता एक नवी मुलगी शिकायला आहे, ट्रेवर वाकली की नाकाला रुमाल लावते. मावशी दारात येऊन उभी राहिली ते तिला दिसलं नाही. मला दिसलं. मुलगी आपल्याच नादात विचारत होती की पूर्वी इथं कुणी एक मावशी होत्या, त्यांनी म्हणे न दिसताच काम रेटलं आणि तीन नळ्या वाया घालवल्या, साहेब सांगत होते, खरं का हे.

मावशी दारात. हातात माझा डबा. माझ्या तोंडातून शब्द फुटायला फक्त एक श्वास लागला असता, आणि आता मी कायम आहे, हळूबोलेही पुढच्या महिन्यात जाणार आहेत, आता माझं कोण काय वाकडं करणार होतं?

"हो," मी म्हटलं. "मोतीबिंदू होता त्यांना."

मावशी आत आली. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की ती मीच, आणि खरं आहे ते, म्हणून सांगते, डोळे जप. मुलगी बिचारी शरमेनं लाल झाली. मावशीनं डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळली. मी ट्रेमध्ये खाली बघत बसले, कारण आता तिला सगळं स्वच्छ दिसतं.